मासे पडले त्या दिवशीचा दगड

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत नत्थूजी कळंब्याचं तोंड लक्षात राहिलं नाही असे व्यापारी पुष्कळ भेटतील, पण त्याचा उजवा हात सगळ्यांना माहीत आहे. ट्रॅक्टरमधला माल ताडपत्रीवर ओतला की नत्थूजी त्या ढिगापुढे उकिडवा बसतो. डाव्या हातानं फळ उचलायचं, उजव्यात घ्यायचं, फेकायचं. पाठीमागे तीन ढीग असतात: एक नंबर, दोन नंबर आणि बारीक माल. तो मागे वळून बघत नाही. फळ हातात आलं की बोटांना वजन कळतं, साल आतून सुटली आहे का ते कळतं, एका अंगानं नरम पडलं आहे का तेही कळतं, आणि फळ आपापल्या ढिगावर जाऊन बसतं. तोंडानं तोवर शेजारच्या भाऊरावशी जावयाच्या गोष्टी चालू असतात, नाहीतर चहा उशिरा आणला म्हणून शिव्या. नागपूरच्या एका नव्या व्यापाऱ्याला हे पटेना. बघत नाही तर छाटतो काय, म्हणून त्यानं एक नंबरचा अख्खा ढीग पुन्हा तपासून घेतला. त्यात एकच फळ चुकीचं निघालं. नत्थूजीनं ते हातात घेतलं आणि सांगितलं की हे मी फेकलेलं नाही, घरंगळत आलेलं आहे. व्यापाऱ्यानं त्यानंतर तपासणी सोडून दिली.

हा हात काही संत्र्यांवर तयार झालेला नव्हता. तो जाम नदीच्या काठावर तयार झाला. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मधोमध नदीत रोवलेलं पळसाचं झाड, त्याला बांधलेला झंडा. अलीकडच्यांनी कुऱ्हाड घेऊन झंडा तोडायला जायचं, पलीकडच्यांनी जाऊ द्यायचं नाही, आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत दोन्ही काठांवरून दगड. बाहेरची माणसं या गोटमारीला वेडेपणा म्हणतात. म्हणोत बापडे. दरसाल डोकी फुटतात, दरसाल साहेब लोक हात जोडून समजावतात, आणि दरसाल आदल्या रात्रीपर्यंत काठावर दगडांचे ढीग लागलेले असतात.

नत्थूजी सतराव्या वर्षी पहिल्यांदा काठावर उभा राहिला. अंगानं काडी. त्याच्यापेक्षा लांब फेकणारे ढिगानं होते, पण त्याचा दगड नेमका जायचा. घोट्यावर म्हटला तर घोट्यावर, मनगटावर म्हटला तर मनगटावर. झंड्याकडे झेपावणारा सावरगावचा गडी त्याच्या दगडानं पाण्यात बसायचा आणि अलीकडच्या काठावरून आरोळी उठायची. पलीकडच्या बाया सकाळीच विचारून घ्यायच्या, आज नत्थू उभा आहे का म्हणून. त्यातल्याच एका घरची प्रेमलता त्यानं बायको म्हणून आणली. यात नवल काही नाही. दोन्ही गावं एकमेकांच्या सोयऱ्यांनीच भरलेली आहेत. गोटमारीच्या दिवशी जावई जावई नसतो आणि साळा साळा नसतो. दुसऱ्या दिवशी त्याच जावयानं साखर घेऊन पूल ओलांडायचा आणि सासऱ्याच्या डोक्याची पट्टी कशी आहे ते विचारायचं, अशी रीत.

चोवीस वर्षांपूर्वी ही रीत नत्थूजीच्या घरापुरती मोडली. प्रेमलताचा धाकटा भाऊ रवींद्र तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. डोक्याला गमछा बांधून तो झाडाच्या बुंध्याशी पोचला, वर चढणाऱ्या पांढुर्ण्याच्या माणसाचा पाय त्यानं धरला, आणि ओढता ओढता तोंड वर केलं. नत्थूजीनं पायाला धरणाऱ्या हातावर दगड मारला होता. हात होता तिथं तोंड आलं. रवींद्रच्या बोटांमधून रक्त कोपरापर्यंत उतरलं आणि तो झाडाला मिठी मारून हळूहळू खाली सरकला. पाणी त्याच्याभोवती लाल होऊन वाहू लागलं तरी दोन्हीकडचे दगड थांबले नाहीत. डावा डोळा तिथंच गेला. नत्थूजी काठावरून पळत पाण्यात शिरला, त्यालाही पाठीत तीन दगड बसले, आणि त्यानंच साळ्याला खांद्यावर घालून बाहेर आणलं. दवाखान्यात रवींद्र म्हणाला, "खेळात लागलं, भाऊजी. खेळाचं मनावर नाही घ्याचं."

रवींद्रनं मनावर घेतलं नाही. प्रेमलतानं घेतलं. चार वर्षांच्या लेकीला, उर्वशीला, कडेवर घेऊन ती माहेरी गेली ती अकरा महिने आली नाही. नत्थूजीनं माणसं पाठवली, स्वतः गेला, सासूच्या ओट्यावर उपाशी बसला. शेवटी तिनं अट सांगितली: जामसांवलीला हनुमानाच्या पायांशी हात ठेवून शपथ घ्यायची की हा हात माणसावर पुन्हा उचलणार नाही. "अन् उचलला तं मी त्या दिवशी निघाली," असं तिनं देवळातच, पुजाऱ्यासमोर सांगितलं. नत्थूजीनं शपथ घेतली. ती घरी आली. तिच्या शब्दाला दोन अर्थ नसतात हे त्याला तोवर कळलेलं होतं.

रवींद्रनं पुढं सावरगावात नदीजवळच शिलाई मशीन टाकली. एका डोळ्यावर तो ब्लाऊजपासून सफारीपर्यंत सगळं शिवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचा की भाऊजीच्या कृपेनं सुई ओवताना एक डोळा मिटायचं काम वाचलं. लोक हसायचे. मुलगी मात्र त्याला कोणी दिली नाही. आई होती तोवर भाकर मिळाली. ती गेल्यावर त्याचा स्वयंपाक म्हणजे सकाळचा भात संध्याकाळी. प्रेमलता दर आठवड्याला डबा घेऊन पूल ओलांडायची, आणि पोळ्याचा दुसरा दिवस तर अख्खा त्याच्याजवळ बसायची. दार लावून घ्यायची आणि त्याला बाहेर पडू द्यायची नाही.

इकडे नत्थूजी त्या दिवशी आपल्या घरात बसायचा. घर काठालाच, उतारावर, वर टिनाचं छप्पर. बाहेर आरोळ्या चालायच्या आणि तो गहू निवडायचा, खाटेची सुतळी आवळायचा, काहीच नसलं तर नुसता भिंतीला टेकून. लोक म्हणायचे, नत्थूजी पस्तावला. पस्तावला होताच, साळ्याच्या तोंडाकडे तो सरळ बघत नसे. पण खरं सांगायचं तर त्याला त्या दिवशी सगळ्यात जास्त छळायचा तो हातच. आरोळी उठली की खांदा आपोआप मागं जायचा. चुकलेला दगड पाण्यात पडल्याचा आवाज आला की त्याला फेकणाऱ्याचा राग यायचा. चोवीस वर्षं हा माणूस नियमानं वागला आणि चोवीस वर्षं त्याचे हात शिवशिवत राहिले. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच.

पांढुर्णा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सकाळी प्रेमलता पुरणपोळीचा डबा घेऊन निघाली. निघताना म्हणाली की दुपारचं वरण चुलीजवळ आहे आणि उर्वशीचा सौसरहून फोन आला तर जावयाला ताप उतरला का ते विचारा. शपथेचा विषय ती कधी काढत नसे. काढायची गरजच नव्हती.

त्या साली खेळ सुरुवातीपासूनच वाईट होता. ऊन असं की काठावरचे दगड हाताला चटके देत होते, आणि वारा अजिबात नाही. दुपारपर्यंत चाळीसेक जण पट्ट्या बांधून परत उभे राहिले होते. चारच्या सुमाराला पांढुर्ण्याचा अभिजीत झाडाजवळ पोचला, कुऱ्हाड उचलली, आणि त्याच्या कानाच्या वर दगड बसला. कुऱ्हाड पाण्यात पडली, तोही पडला, आणि पडल्यावरही त्याच्यावर आणखी दोन आले. पडलेल्यावर मारायचं नाही हा नियम आहे, लिहिलेला नसला तरी. चौघांनी त्याला उचलून आणलं तेव्हा त्याचे पाय झटके देत होते आणि एक चप्पल तेवढी पायात राहिली होती. तो नत्थूजीच्या दारावरूनच गेला. पोलिसांनी भोंग्यावरून खेळ संपल्याचं सांगितलं. अलीकडची माणसं घरी जायला तयार नव्हती. जिथं तिथं घोळके करून ती उभी राहिली, आणि प्रत्येक घोळक्यात एकच बोलणं होतं, की सावरगाववाल्यांनी आज हद्द केली.

तेवढ्यात सौसरच्या बाजूनं आभाळ काळं झालं. काळंही नव्हे, हिरवट. गच्चीवर चढलेल्या एकानं ओरडून सांगितलं की ढगातून सोंड लोंबून राहिली. खरंच लोंबत होती. लांब शेतांपलीकडे, कुठल्याशा तलावावर असावी. ती पाच-सात मिनिटं वाकडी वाकडी हलली आणि ढगात गेली. मग वारा आला. ताडपत्र्या गेल्या, दुकानांच्या पाट्या गेल्या, नदीतलं पळसाचं झाड झंड्यासकट आडवं झालं. वीज गेली. साडेपाच वाजता घराघरांत अंधार पडला आणि माणसं सापडेल त्या दारात घुसली. नत्थूजीच्या घरात भाऊराव शिरला, त्याच्या मागं आणखी सातआठ जण, सगळे दिवसभर काठावर तापलेले.

मग छपरावर पहिला आवाज झाला. धप्प. सगळे वर बघू लागले. मग दुसरा, तिसरा, आणि मग एकदम दहा-वीस. टिन वाजत होतं, कौलं फुटत होती, शेजारच्या गोठ्यात म्हैस ओरडत होती.

आता दुसऱ्या कुठल्याही गावात छपरावर असं काही पडलं असतं तर लोक गारा म्हणाले असते, फांद्या म्हणाले असते, देवाचं नाव घेतलं असतं. पांढुर्ण्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जामच्या काठावर, वरून काही पडतं म्हणजे काय पडतं हे कोणाला विचारावं लागत नाही. भाऊराव म्हणाला, "मारून राहिले साले. घरावर मारून राहिले." एवढंच म्हणाला आणि दार उघडून बाहेर पडला.

आणि गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की पलीकडच्या काठावरही तेच पडत होतं, आणि तिकडच्या भाऊरावांनीही तेच म्हटलं.

पुढची पंधरा मिनिटं जे झालं त्याला गोटमार म्हणता येणार नाही. गोटमारीला झाड असतं, झंडा असतो, मारण्याचं काही कारण असतं. इथं डोक्यावर गोणपाटं घेतलेली माणसं अंधारात, पावसात, समोर दिसेल तिकडे मारत होती. आधी खिडक्या गेल्या. मग माणसं. एका म्हातारीला ओट्यावरच दगड बसला आणि ती बसल्या जागी कलंडली. पोळ्याला शिंगं रंगवलेला एक बैल दावं तोडून काठावर आला; त्याच्या कपाळावर दोन्हीकडून दगड बसले आणि तो गुडघ्यांवर येऊन हंबरत राहिला. एक माणूस फुटलेले दात हातात घेऊन दुसऱ्या हातानं फेकत होता. कोणी कोणाला ओळखत नव्हतं. पोलिसांची गाडी पुलाच्या तोंडाशी होती, तिची काच फुटल्यावर तीही मागं गेली.

नत्थूजी दारात उभा होता. चौकट दोन्ही हातांनी धरून. भाऊरावच्या गालावर दगड बसून कातडं लोंबलेलं त्याला विजेच्या उजेडात दिसलं. "उभा काय राह्यला, नत्थू," असं भाऊराव रडत ओरडला. नत्थूजीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं. त्याच क्षणी त्याच्या खांद्यावर वरून काहीतरी बसलं आणि छातीवरून घसरत खाली आलं. त्यानं ते उजव्या हातानं धरलं.

तो मासा होता. थंड, बुळबुळीत, पावशेराचा असेल, आणि जिवंत. हातात वळवळला. त्या हाताला संत्र्याच्या सालीखालची हवा कळते. त्याला मासा कळला नाही असं कोण म्हणेल. अंधार डोळ्यांपुढे होता, हाताला अंधार नसतो. नत्थूजीला समजलं. हे दगड नाहीत, कोणी मारलेलं नाही, वरून मासे पडत आहेत, आणि दोन गावं उगीच एकमेकांचा जीव घेत आहेत, हे सगळं त्या एका क्षणात त्याला समजलं. त्यानं मासा टाकला. वाकला. आणि त्याच हातानं दगड उचलला.

पहिला पाण्यात गेला. दुसरा पलीकडच्या भिंतीवर लागलेला त्याला ऐकू आला. मग वीज चमकली आणि समोरच्या काठावर, अगदी पुढं, एक माणूस दिसला. हात उंच केलेला, हातात काहीतरी धरलेलं, तोंड उघडं, काहीतरी ओरडत होता. वाऱ्यानं शब्द येत नव्हते. नत्थूजीचा खांदा मागं गेला. चोवीस वर्षं अडकून पडलेलं सगळं त्या हातातून निघालं, आणि दगड सुटला तेव्हाच त्याला कळलं की हा लागणार. त्याला आनंद झाला. त्या क्षणी इतका आनंद झाला की त्याच्या तोंडून जुनी आरोळी निघाली. पुढच्या विजेला काठावर तो माणूस उभा नव्हता.

वारा आला तसा गेला. सहा वाजायच्या आत आभाळ उघडलं आणि तिरपं पिवळं ऊन पडलं, आणि माणसांना दिसलं. छपरांवर, रस्त्यावर, नदीच्या वाळूत, फुटलेल्या कौलांत, सगळीकडे मासे. रोहू, टेंगरे, मुरेल, मधूनच बेडूक आणि खेकडे. काही अजून तोंडं उघडत होते. रंगवलेल्या शिंगांच्या बैलापाशी एक हातभर मुरेल उड्या मारत होती आणि बैल मेलेला होता. फेकायला उचललेले दगड लोकांनी हळूच खाली ठेवले, कोणी आपल्याकडे बघत नाही ना ते पाहून. मग कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. श्रावण कालच संपला होता. अर्ध्या तासात बाया बादल्या घेऊन बाहेर आल्या आणि त्या संध्याकाळी, डोक्याला पट्ट्या बांधून, अर्ध्या गावानं मासे खाल्ले. माणूस असाच आहे, त्याला नावं ठेवून उपयोग नाही.

नत्थूजी हसला नाही. पलीकडून एका बाईचा आवाज येत होता आणि तो आवाज त्याच्या ओळखीचा होता.

रवींद्र मशीनवरून उठून बाहेर आला होता. अंगणात पडलेला मासा त्यानंच पहिल्यांदा ओळखला, आणि प्रेमलतानं धरलेला सदरा फाडून तो काठाकडे पळाला, मासा उंच धरून, मारू नका म्हणून सांगायला. एका डोळ्याच्या माणसाला डावीकडून येणारा दगड दिसत नाही. पण हा डावीकडून आला नव्हता. समोरून आला आणि उजव्या डोळ्यावर बसला.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन दिवसांनी सांगितलं की हाही डोळा गेला, काही करता येणार नाही. गावात तोवर सगळं मिटलं होतं. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसली, पटवारी आला, आणि निसर्गापुढं कोणाचं चालत नाही, गैरसमजातून झालं, कोणाचा दोष नाही, असं ठरलं. टीव्हीवाले आले. त्यांना मासे हवे होते, डोकी नको होती. भाऊराव गालाला अकरा टाके घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि मासे कसे पडले ते हातवारे करून सांगितलं. अभिजीत वाचला, एका कानानं ऐकू येईनासं झालं तेवढंच. जो तो म्हणत होता, अंधारात काय समजणार, आम्हाला दगडच वाटले. नत्थूजीलाही लोक तेच म्हणत होते. कोणाच्या दगडानं रवींद्रचा डोळा गेला हे कोणाला ठाऊक नव्हतं. दोनशे हात चालत होते. पण त्या वाऱ्यात, एवढ्या लांब, नेमका जाणारा हात गावात एकच होता, आणि ही गोष्ट कोणी त्याच्यासमोर बोललं नाही. गावाला माया असते ती अशी.

दवाखान्यात रवींद्र डोक्यापासून नाकापर्यंत बांधलेला होता. नत्थूजीच्या पायांचा आवाज ओळखून त्यानं हात पुढं केला. "कोनाचं नाव नाही घेनार मी, भाऊजी," तो म्हणाला. "मासे पडतीन असं कोनाच्या बापाले वाटलं होतं." नत्थूजीनं तो हात धरला आणि नळावर पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. तो परत आत आला नाही.

अकराव्या दिवशी प्रेमलता घरी आली. कपड्यांचं गाठोडं खाली ठेवलं, चूल पेटवली, भाकरी टाकल्या, त्याला वाढलं. तिच्या तोंडावरचं सगळं मांस उतरलं होतं. तो जेवत असताना तिनं विचारलं, तुम्ही फेकले का म्हणून. त्यानं फेकले म्हटलं. तिनं किती ते विचारलं, त्यानं तीन सांगितले. मग तिनं तव्यावर नवी भाकरी टाकली. तिनं हे अकरा दिवस मनाशी घोळवलेलं दिसत होतं, कारण बोलली तेव्हा एकही शब्द अडखळला नाही.

"तुमचाच होता, मले मालूम आहे," ती म्हणाली. "तुमच्या हाताशिवाय तेवढा नाही जात. पन अंधार होता. घरावर पडून राहिले होते. सगळ्याइनं फेकले, तुमी फेकले. तुमाले दगड वाटले. देवाच्या पायाजवळ घेतली ते शपथ मानसावर हात नाही उचलाची होती, जीव वाचवाले उचलला त्याची नव्हती. मी हे सोडून देलं. मी राहते. रवीले इकडं आनू, त्याची खाट तिथं टाकू."

आणि तिनं चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या उजव्या हाताला हात लावला. मनगटाला धरून तो हात तिनं आपल्या मांडीवर घेतला.

नत्थूजीनं गप्प राहायला हवं होतं. कोणाही शहाण्या माणसानं त्याला तेच सांगितलं असतं. घर राहत होतं, बायको राहत होती, आंधळ्या साळ्याची सेवा करायला मिळत होती, उरलेल्या आयुष्यात कदाचित तेवढ्यानं काही फिटलंही असतं. पण तो हात तिच्या मांडीवर होता आणि त्याला ते सोसवेना.

"मले दगड नाही वाटले," तो म्हणाला.

तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. खांद्यावर पडलेला मासा याच हातात घेतला होता, मासा आहे हे समजलं होतं, वळवळतही होता, तो टाकला आणि मग दगड उचलला. समजल्यावर उचलला. तिन्ही समजल्यावर फेकले. रवी आहे हे ठाऊक नव्हतं, पण कोणीतरी माणूस आहे हे दिसत होतं. आणि लागला तेव्हा बरं वाटलं. हे शेवटचं तो तिच्याकडे न बघता बोलला.

तव्यावरची भाकरी जळू लागली. प्रेमलतानं ती उलथली नाही. तिनं त्याचा हात मांडीवरून उचलला आणि जमिनीवर ठेवला, सांभाळून, आदळणार नाही असा.

"हे मले काहून सांगतलं तुमी?" ती म्हणाली. "कोनालेच मालूम नव्हतं. नसतं सांगतलं तं मी राह्यली असती."

ती उठली. तवा उतरवला, चुलीतली लाकडं ओढून पाणी मारलं, उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या. खाली ठेवलेलं गाठोडं सोडलेलंही नव्हतं. नत्थूजी मागं मागं दारापर्यंत गेला. उर्वशीला काय सांगू, एवढंच त्याला विचारता आलं. तिनं सांगितलं की उर्वशीला मासे पडले ते सांगा, तेवढं पुरे आहे. मग ती उतार उतरून पुलावर चढली. संध्याकाळचे पाच वाजले असतील, पुलावर सायकली होत्या, शाळेतून येणारी पोरं होती.

अर्ध्या पुलावर ती पोचली तेव्हा त्याच्यानं राहवलं नाही. तिला थांबवायला त्यानं उजवा हात वर केला. प्रेमलता बघत नव्हती. पलीकडच्या काठावर ओट्यावर बसलेल्या एका बाईनं तो हात पाहिला, खेळत असलेलं पोर बखोटीला धरून उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.